खोटं केळं

माझ्या भावाला मी शेवटची थोबाडीत मारली तेव्हा तो चांगला दोन पोरांचा बाप, रसायनशास्त्राचा प्राध्यापक आणि डोक्यावरून निम्मा टकला झाला होता. मारली ती घरात नाही, भर बैठकीत, विद्यापीठाच्या इमारत समितीसमोर. आवाज असा निघाला की पाणी प्यायला उचललेले पेले लोकांनी तसेच हातात धरून ठेवले.

आई म्हणायची, हिचा राग नाकावर आणि हात रागाच्याही पुढे. खरं आहे. पण त्या दिवशी चूक ठोंब्याचीच होती. ठोंब्या म्हणजे माझा हा धाकटा भाऊ. दुनिया त्याला सर म्हणते, मी ठोंब्या म्हणते, आणि दुसऱ्या कोणी म्हटलं तर मी त्याचे दात पाडीन.

भांडण गच्चीचं होतं. आमची इमारत म्हणजे शहाण्यांचं गाठोडं. तळघरात भूकंपवाले, ते पत्र्याच्या टेबलावर काडेपेट्यांएवढी घरं बांधतात आणि टेबल हलवून पाडतात. तळमजल्यावर एक गृहस्थ गोगलगायीच्या चिकट्यापासून जखमेवरचा डिंक बनवतात. पहिल्या मजल्यावर अंगाईबाई: जगातल्या मरू घातलेल्या भाषांमधल्या अंगाया गोळा करतात, आणि स्वतः मात्र असं खणखणीत बोलतात की झोपलेलं पोर उठून बसावं. दुसऱ्यावर रांगवाले सर. माणसं रांगेत कशी उभी राहतात, कोण घुसतं, कोण घुसू देतं, यावर त्यांची जाडजूड पुस्तकं आहेत. तिसऱ्यावर ठोंब्या. चौथ्यावर मी, आणि माझ्या डोक्यावर गच्चीत माझ्या मधमाश्यांच्या पेट्या. लिफ्टमध्ये आम्ही सगळे एकमेकांना "काय, कसं चाललंय काम?" असं विचारायचो आणि उत्तर यायच्या आत आपापल्या मजल्यावर उतरून जायचो. इतक्या वर्षांत कोणी थांबून ऐकलंय असं मला तरी आठवत नाही.

ठोंब्याचं काम वासाचं. खरं फळ न वापरता फळाचा वास आणि चव बनवायची, त्यातही त्याचा जीव केळ्यात. "खरं केळं काही साधं नसतं, ताई," असं काहीबाही तो सांगत बसायचा आणि मी म्हणायचे, "आयुष्य घालवलंस रे खोटं केळं बनवण्यात. बाजारात खरं स्वस्त मिळतं." तो हसायचा. पण एकदा दिवाणखान्यात सगळ्या नातेवाइकांसमोर मी हेच म्हटलं, तेव्हा तो उठून बाल्कनीत गेला आणि बराच वेळ आत आला नाही. मी नंतरही म्हणत राहिलेच. जिभेला हाड असतं तर मी प्राध्यापक झाले असते का?

माझं काम शांत माशीचं. दरवर्षी ज्या पेटीतल्या माश्या सगळ्यात कमी डसतात तिच्या राणीची पिल्लावळ पुढे वाढवायची, चिडक्या पेट्यांना राणी बदलून द्यायची. असं करत करत नऊ वर्षं गेली आणि अशी माशी तयार झाली की पेटी उघडून उघड्या हातावर घ्या, फिरेल, मिशा पुसेल, उडून जाईल. शेवटची चार वर्षं या कामात माझ्यासोबत मुंगी होती. मुंगी ही माझी पीएचडीची विद्यार्थिनी. अंगाने एवढीशी आणि दिवसभर स्वतःच्या वजनापेक्षा जड काहीतरी उचलून कुठेतरी नेत असायची, म्हणून मुंगी. पोरीला आई नाही. माझ्याकडे आली तेव्हा माश्यांना घाबरायची. आता तिचा प्रबंध शेवटाला आला होता आणि तो सगळाच्या सगळा त्या गच्चीवर, पेट्यांमध्ये होता. पेट्या गेल्या की मुंगी शून्य.

आणि बैठकीत माझा सख्खा भाऊ उठून म्हणतो, "ताईच्या पेट्या गच्चीवरून हलवा. माझ्या प्रयोगाच्या कपाटांतला धूर, वाफा बाहेर सोडणाऱ्या नळ्या तिथे वर उघडतात. दुरुस्तीला माणूस पाठवायचा तर तो वर जायला तयार नाही." इथवरही मी ऐकून घेतलं. मग तो सगळ्यांकडे बघून म्हणाला, "शांत माशी म्हणे! उद्या शांत वाघ पाळतील." लोक हसले. माझ्याशेजारी बसलेली मुंगी खाली मान घालून बोटं मोडत होती. मी उठले, टेबलाला वळसा घालून गेले आणि ठेवून दिली.

त्याने गाल चोळला. "लागलं," एवढंच म्हणाला.

समितीत सगळे याच इमारतीतले, रांगवाले सर अध्यक्ष. त्यांनी घसा खाकरून निर्णय दिला, की समिती मंगळवारी सकाळी स्वतः गच्चीवर येईल. माश्या शांत निघाल्या तर पेट्या राहतील. एका जरी माणसाला डंख बसला तर त्याच संध्याकाळी सगळ्या पेट्या नष्ट करायच्या. मग एकेक मजला उतरत प्रत्येकाची प्रयोगशाळाही बघायची, म्हणजे कोणाला वाटायला नको की एकालाच धारेवर धरलं.

मंगळवारी लख्ख ऊन होतं, वारा अजिबात नव्हता. माशीला असाच दिवस आवडतो. आम्ही दोघींनी मुद्दाम जाळीचे टोप आणि पांढरे अंगरखे जिन्याच्या आतल्या खुंटीला टांगून ठेवले. मुंगी म्हणाली, "मॅडम, आपणच चिलखत घालून उभ्या राहिलो तर शांत कसलं?" तिने बाह्या कोपरापर्यंत सरसावल्या, केस वर बांधले. मी नवीन पोरांना पहिल्या दिवशी जे नियम सांगते ते तिने समितीला दारातच सांगितले: धावायचं नाही, हात हलवायचे नाहीत, आणि कोणी केळं खाऊन आलं असेल तर लांब उभं राहायचं.

"केळं?" अंगाईबाईंनी विचारलं.

"माशी डसते तेव्हा तिच्या नांगीतून एक वास सुटतो," मुंगी म्हणाली. "तो वास म्हणजे तिची आरोळी. बाकीच्या माश्यांना, की या, इथे मारा. आणि तो वास हुबेहूब पिकल्या केळ्यासारखा असतो."

आता तुम्हाला कळलं असेल. तुम्ही शहाणे. मी हा नियम दरवर्षी सांगत होते, आणि तितकीच वर्षं माझ्या पायाखालच्या मजल्यावर माझा भाऊ केळ्याचा वास गाळत होता, आणि मी त्याला येता-जाता केळ्यावरून टोचत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो कळसा माझ्या काखेत नुसता नव्हता, त्यावर मी विनोद करत होते. तोही तसाच. बहीण माश्यांचं काय करते ते त्याने एकदाही नीट विचारलं नाही. आम्हा दोघांना विचारण्यापेक्षा भांडणं सोपं जायचं.

मुंगीने पहिल्या पेटीचं झाकण काढलं. माश्यांनी लगडलेली चौकट वर उचलली आणि उघड्या दंडाला टेकवली. माश्या दंडावर चढल्या, मानेवर गेल्या, एक तर गालावर बसून राहिली. मुंगी हसत होती. भूकंपवाल्यांनी पाठीमागे नेलेले हात हळूच पुढे आणले. अंगाईबाईंनी बोट पुढे केलं, एक माशी त्यावर चढली, आणि बाईंच्या तोंडून पहिल्यांदाच हळू आवाज निघाला, "अगं बाई, गुदगुल्या करते." रांगवाले सर मान डोलवत होते. मी मनात म्हटलं, जिंकलो. ठोंब्या कुठे तडमडलाय, त्याला बघायला हवं होतं हे.

ठोंब्या तेव्हा खाली होता. समिती येणार म्हणून त्याने प्रयोगशाळा आरशासारखी केली होती. धुराच्या नळीत कोळशाची जाळी असते, वास अडवायला. जुनी काळीकुट्ट झालेली म्हणून त्याने काढून टाकली होती, नवी टेबलावर ठेवली होती, बसवणारच होता. त्याआधी काचेच्या कपाटात केळ्याच्या वासाची मोठी बाटली सरळ ठेवताना त्याचं कोपर लागलं. बाटली फुटली, निम्मं कपाटात सांडलं, निम्मं त्याच्या कोटावर. मग त्याने पुस्तकात लिहिलंय तेच केलं. काच खाली ओढली आणि वाफा बाहेर फेकणारा पंखा पूर्ण जोरात लावला. स्वतः खाली बसून काचा गोळा केल्या. उशीर झाला म्हणून कोट न बदलता वर निघाला.

गच्चीवर मला वास आला. गोड, दाट, डोक्यात जाणारा.

"कोण केळं खातंय?" मी ओरडले. "मेल्यांनो, आत्ता सांगितलं ना!"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कोणाच्याच हातात काही नव्हतं. आणि पेट्यांचा आवाज बदलला. माझ्या आयुष्यात मी तो आवाज एकदाच ऐकलाय आणि परत ऐकायचा नाही. गुणगुण थांबली आणि त्या जागी करवत सुरू झाल्यासारखं झालं. सगळ्या पेट्यांच्या फटींतून माश्या बाहेर सांडायला लागल्या.

पहिला डंख मुंगीच्या पापणीवर बसला. दुसरा ओठावर. मग मोजायला काही उरलं नाही. तिच्या दंडावरच्या, मानेवरच्या, गालावरच्या त्या लाडक्या माश्यांनी एकदम नांग्या मारल्या. ती ओरडली आणि ओरडायला उघडलेल्या तोंडात माश्या गेल्या. चौकट हातातून पडली, मुंगी मागे कोसळली ती दुसऱ्या पेटीवर, आणि ती पेटीही उलथली. केसांत एवढ्या माश्या, की केस हलताहेत असं वाटत होतं.

मी तिच्याकडे धावले. माझ्या कानात, नाकात, मानेवर आग लागली होती. मागे किंकाळ्या, पायांचा धडधडाट. पळता भुई थोडी झाली सगळ्यांना. आणि आयुष्यभर रांगेवर संशोधन केलेले आमचे रांगवाले सर, एकाला कोपर आणि दुसऱ्याला गुडघा मारून, सगळ्यात आधी दारातून आत गेले. भूकंपवाले त्यांच्या पायांत अडकून पडले, त्यांच्या पाठीवरून बाकीचे गेले. माझ्या हाताला मुंगीचा पाय लागला. मी ओढत होते, पण ती त्या उलथलेल्या पेटीखाली अडकली होती आणि माझे डोळे सुजून बंद व्हायला आले होते. "उठ गं, उठ, माझे आई, उठ," मी नुसती बडबडत होते. तिच्या घशातून शिट्टीसारखा आवाज येत होता. श्वास बंद होत चालला होता तिचा.

तेवढ्यात दाराशी ठोंब्या आला. सगळे आत घुसताहेत आणि हा एकटा उलटा, धक्के खात बाहेर येतोय. "ताई, काय झालं?" असं त्याने विचारलं, आणि आमच्यावरचा माश्यांचा ढग वळला. कोणी दोरीने ओढावा तसा त्याच्याकडे गेला.

त्याचा कोट छातीपासून खालपर्यंत ओला होता.

"वास!" मी किंचाळले. "तुझा वास आहे ठोंब्या! केळं! फेक तो कोट, आत जा!"

त्याने स्वतःच्या कोटाकडे बघितलं. वर, नळीच्या तोंडाकडे बघितलं. मग मुंगीकडे. त्याला सगळं कळलं, एका क्षणात. हुशार होता माझा भाऊ, मी कधी म्हटलं नाही ते सोडा. दार त्याच्या पाठीशी हातभर अंतरावर उघडं होतं. त्याने कोट काढला. पण फेकला नाही. डोक्यावर धरून गरागरा फिरवला आणि पेट्यांच्या समोरून, आमच्यापासून लांब, गच्चीच्या पार पलीकडच्या टोकाला पाण्याच्या टाक्यांकडे धावत सुटला. सगळ्या माश्या त्याच्या मागे.

मी पेटी लाथेने उडवली, मुंगीला काखेत धरून ओढत दारात आणलं आणि आत फेकलं. माझ्या खिशात डंखावरची सुई कायम असते. ती तिच्या मांडीत खुपसली. मागून माश्या आत शिरत होत्या, जिन्यात माणसं एकमेकांवर पडलेली, रडत होती. दार लावायला हवं होतं. मी लावलं. माझा भाऊ बाहेर होता आणि दार मी लावलं, माझ्या या हातांनी.

"पंखा!" मी ओरडले. "तिसऱ्या मजल्यावरचा पंखा बंद करा कोणीतरी!" रांगवाले सर कोपऱ्यात डोक्यावर हात घेऊन बसले होते. मी त्यांना कॉलर धरून दोनदा भिंतीवर आपटलं, पण ते नुसते "मी नाही, मी नाही" करत होते. तेव्हा अंगाईबाई उठल्या. चेहरा भोपळ्यासारखा सुजलेला, एक चप्पल गायब. काहीही न विचारता धडाधड जिना उतरून गेल्या.

मी खुंटीवरचा अंगरखा घातला, टोप चढवला, साबणाच्या पाण्याचा पंप पाठीला लावला. साबणाच्या पाण्याने माशी जागच्या जागी मरते. तो पंप आम्ही ठेवला होता तो नियम म्हणून, कधी हातही लावला नव्हता.

ठोंब्या टाकीच्या आडोशाला गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. म्हणजे ठोंब्या दिसत नव्हताच, हलणारं तपकिरी काहीतरी दिसत होतं. मी पंप मारला. माझ्या नऊ वर्षांच्या माश्या मुठीमुठीने खाली पडत होत्या आणि मी त्यांना बुटांनी चिरडत होते, शिव्या देत होते, रांडांनो, सटव्यांनो, तोंडाला येईल ते. दुसऱ्या हाताने त्याच्या अंगावरून ओरबाडत होते. त्याने कोट दोन्ही मुठींत घट्ट धरून ठेवला होता.

"सोड ना रे मेल्या तो कोट!"

"मुंगी गेली आत?" त्याचं तोंड एवढं सुजलं होतं की शब्द ओळखावा लागत होता.

"गेली. गेली रे. सोड."

मग त्याने सोडला.

मुंगी वाचली. त्याच रात्री तिने डोळे उघडले. ठोंब्या पण वाचला असंच आम्हाला वाटलं. दुसऱ्या दिवशी तो उशीला टेकून बसला, त्याच्या बायकोने त्याला चमच्याने पाणी पाजलं, पोरांनी बापाचं तोंड बघून आधी रडून घेतलं आणि मग हसून. मी त्याच्या पायाशी बसले होते. त्याची सरळच असलेली चादर परत परत ओढून सरळ करत होते.

तोच बोलला. "ताई."

"गप पड."

"नाही, ऐक. तू खोटं केळं म्हणायचीस ना?" त्याचे डोळे दोन फटी झाले होते, पण त्या फटींतून तो लहानपणी मला डावात हरवल्यावर जसा बघायचा तसा बघत होता. "तुझ्या माश्यांना खरं वाटलं."

मी हसले. खरंच हसले, त्याच्या पायावर डोकं ठेवून, आणि हसता हसता कधी रडायला लागले ते कळलं नाही. "हो रे राजा," मी म्हटलं. "खरं होतं." आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं.

त्यानंतर त्याची मूत्रपिंडं बंद पडली. एवढं विष गाळायला ती कमी पडली, असं डॉक्टरांनी सांगितलं. आठवड्याच्या आत माझा भाऊ गेला.

समितीने पेट्या नष्ट करायचं ठरवलं. या वेळी मी भांडले नाही. मीच म्हटलं, मी करते, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. ज्यांनी माझ्या भावाला मारलं त्यांना मी माझ्या हातांनी मारीन.

तशीच वर गेले, टोप नाही, अंगरखा नाही. पाठीला पंप. ऊन तसंच होतं, वारा नव्हता. उलथलेल्या पेट्या कोणीतरी नीट उभ्या करून ठेवल्या होत्या. उरलेल्या माश्या येत-जात होत्या, पायांना पिवळे पराग लावून, जसं काही झालंच नाही. मी पहिल्या पेटीचं झाकण काढलं आणि हात आत घातला. मनगटापर्यंत. बोटं वळवली, मूठ केली, माश्या चिमटीत धरल्या.

"चावा," मी म्हटलं. "चावा की आता. त्याला चावलात ना? मला चावा."

त्या बोटांवर चढल्या. एक मनगटावर बसून मिशा पुसायला लागली. मी हात आपटला, पेटी हादरवली, त्यांच्या तोंडावर ओरडले. एकही डसली नाही.

मागे पावलं वाजली. मुंगी होती. एक डोळा अजून सुजलेला, दंडावर काळेनिळे डाग. ती शेजारी येऊन उभी राहिली आणि माझ्या हाताकडे बघत हळूच म्हणाली, "मॅडम, शांतच आहेत. बघा ना. शांतच होत्या."

माझा हात उठला. तिने बघितलं, पण ती हलली नाही, डोळेही मिटले नाहीत. तिच्या गालाजवळ नेलेल्या माझ्या हातावर अजून चार-पाच माश्या फिरत होत्या. मी तो हात पेटीवर नेऊन हलकेच झटकला, झाकण लावलं आणि पाठीवरचा पंप उतरवून ठेवला.